श्टिपचा शिवण कारखाना, इचलकरंजीचं कापड आणि युरोपीय महासंघाचा सहयोग करार

प्रश्न थोडक्यात असा आहे. इचलकरंजीत घरचा यंत्रमागाचा धंदा आहे. एका मध्यस्थाने उत्तर मॅसेडोनियातल्या श्टिप गावच्या एका शिवण कारखान्यात भागीदारीचा प्रस्ताव आणला आहे. तो म्हणतो, या देशाचा युरोपीय महासंघाशी करार आहे, ड्युटी शून्य आहे आणि दोन-तीन वर्षांत हा देश महासंघात जाणारच आहे. तुमचं कापड तिकडे पाठवा, शर्ट शिवून घ्या आणि जर्मनीला विका. हा करार नक्की काय आहे, सही झाली म्हणजे सदस्यत्व ठरल्यासारखं असतं का आणि यात पैसे घालावेत का?

गेली अठ्ठावीस वर्षं मी कस्टम्स आणि ओरिजिनच्या, म्हणजे माल कुठल्या देशाचा मानायचा ते ठरवण्याच्या, कामात आहे. मध्यस्थाच्या तीन विधानांपैकी पहिलं खरं आहे आणि दुसरं अर्धं खरं आहे. तिसऱ्यावर मी स्वतःचा एक रुपयाही लावणार नाही. अडचण अशी की तुमच्या कापडाचा सगळा फायदा त्या तिसऱ्या विधानावरच उभा आहे. ते तसं का, हे नीट सांगायला थोडं मागे जावं लागेल.

या कराराला मराठीत 'स्थैर्य आणि सहयोग करार' म्हणता येईल. युगोस्लाव्हिया फुटून झालेल्या युद्धांनंतर महासंघाने पश्चिम बाल्कनमधल्या देशांसाठी 1999 साली ही वाट आखली. त्यावर पहिली सही मॅसेडोनियाने (उत्तर मॅसेडोनियाचं तेव्हाचं नाव) केली, 9 एप्रिल 2001 रोजी, लक्झेंबर्गमध्ये. त्याच महिन्यांत त्या देशात सरकारी फौजा आणि अल्बेनियन बंडखोर यांच्यात चकमकी चालू होत्या. त्या मिटवणारा ओह्रिदचा समझोता ऑगस्टमध्ये झाला. देश आतून पेटलेला असताना केलेल्या या सहीच्या नावात 'स्थैर्य' हा शब्द आधी का आहे, ते यावरून कळतं.

या जातीचे करार नवे नाहीत. ग्रीसने 1961 साली असाच करार केला आणि 1981 साली तो आत गेला. मधली काही वर्षं तिथे लष्करी राजवट होती, त्या काळात करार गोठवून ठेवला होता. तुर्कस्तानने 12 सप्टेंबर 1963 रोजी अंकारात सही केली. त्या कराराच्या 28व्या कलमात तुर्कस्तानच्या सदस्यत्वाच्या शक्यतेचा स्पष्ट उल्लेख आहे, तरी तुर्कस्तान अजून बाहेरच आहे. पोलंड, हंगेरी आणि तेव्हाचा चेकोस्लोव्हाकिया यांनी डिसेंबर 1991 मध्ये 'युरोप करार' केले आणि तेरा वर्षांच्या आत, 1 मे 2004 रोजी, तिकडचे सगळे आत गेले. बाल्कनचे करार याच घराण्यातले आहेत, फक्त त्यांत शेजाऱ्यांशी जुळवून घेण्याची आणि युद्ध गुन्ह्यांच्या न्यायालयाला सहकार्य करण्याची अट जास्त आहे.

करारात एका बाजूला व्यापार असतो. महासंघ आपली ड्युटी लगेच किंवा फार लवकर काढतो, समोरचा देश टप्प्याटप्प्याने काढतो. मॅसेडोनियाला त्यासाठी दहा वर्षं दिली होती, क्रोएशियाला सहा. दुसऱ्या बाजूला कायदे असतात. स्पर्धा कायदा, सरकारी मदतीवर नियंत्रण, सरकारी खरेदीचे नियम, मालाची मानकं, बौद्धिक संपदा हे सगळं हळूहळू महासंघाच्या कायद्यांशी जुळवत न्यायचं. त्यावर देखरेख करायला दोन्ही बाजूंच्या मंत्र्यांची परिषद, तिच्या हाताखाली अधिकाऱ्यांची समिती आणि खासदारांची संयुक्त समिती असते. ही कलमं बंधनकारक आहेत. ती मोडली तर समोरचा जाब विचारू शकतो.

सदस्यत्वाबद्दल मात्र बंधनकारक कलम नसतं. बाल्कन करारांत, तेही प्रस्तावनेत, 'संभाव्य उमेदवार' एवढाच शब्द येतो. त्याला ना तारीख, ना मुदत, ना 'अमुक केलं की आत घेऊ' असं वचन. अमुक वर्षात अमुक मालावरची ड्युटी शून्य होईल हे करार वर्षासकट लिहून ठेवतो. त्यापुढच्या वाटेवरचा प्रत्येक टप्पा सगळ्या सदस्य देशांच्या एकमतावर सोडलेला असतो. तुमच्या मध्यस्थाने या दोन गोष्टी एकाच वाक्यात गुंफल्या आहेत. ऐकणाऱ्याला वाटतं की ड्युटी शून्य झाली तसं सदस्यत्वही आपोआप येईल.

व्यापाराचा भाग इतक्या लवकर का सुरू होतो, हेही लक्षात घ्या. पूर्ण करार लागू व्हायला प्रत्येक सदस्य देशाच्या संसदेची मंजुरी लागते आणि त्यात वर्षं जातात. पण व्यापाराचे अधिकार महासंघाकडेच आहेत, म्हणून तेवढा भाग अंतरिम करार करून आधी लागू करता येतो. मॅसेडोनियात तो 1 जून 2001 पासूनच, म्हणजे सहीनंतर दोन महिन्यांच्या आत लागू झाला. पूर्ण करार लागू व्हायला 1 एप्रिल 2004 उजाडला. सर्बियाने एप्रिल 2008 मध्ये सही केली, पण त्याचा पूर्ण करार सप्टेंबर 2013 मध्ये लागू झाला. म्हणून 'सगळं आधीच चालू आहे' असं मध्यस्थ म्हणतो तेव्हा व्यापारापुरतं तो खरंच बोलतो.

आता ज्यावर तुमचा व्यवहार तरतो किंवा बुडतो त्याकडे येतो.

हा करार मुक्त व्यापाराचा आहे, सीमाशुल्क संघाचा (ज्यात दोन्ही बाजू बाहेरच्या मालावर सारखीच ड्युटी लावतात) नाही. उत्तर मॅसेडोनियातून आलेल्या प्रत्येक मालाला जर्मनीत शून्य ड्युटी मिळत नाही. ती मिळते उत्तर मॅसेडोनियाच्या 'ओरिजिन'च्या मालाला. कपडा तिथला कधी मानायचा, हे ओरिजिनचे नियम सांगतात. विणलेल्या कापडाचा शर्ट असेल तर या करारांतला पिढीजात नियम एका ओळीचा आहे: सुतापासून बनवलेला हवा. सूत बाहेरचं चालेल, पण त्याचं कापड विणणं आणि त्या कापडाचा शर्ट शिवणं ही दोन्ही कामं त्या देशात झाली पाहिजेत. आमच्या धंद्यात याला दुहेरी प्रक्रियेची अट म्हणतात. अलीकडे सुधारलेल्या नियमांत शब्द बदलले आहेत, पण साध्या विणलेल्या शर्टासाठी विणाई अधिक शिलाई हा गाभा तोच आहे.

तुमचं कापड इचलकरंजीत विणलं, श्टिपला कापून शिवलं, तर तिथे एकच प्रक्रिया झाली. तो शर्ट कागदावर मॅसेडोनियाचा होत नाही. जर्मनीत त्याला सवलत नसलेल्या बाहेरच्या कुठल्याही देशाच्या शर्टासारखी साधी ड्युटी लागते, सुती शर्टावर 12 टक्के. बटन मात्र कुठलंही चालतं, कारण ते कस्टम्सच्या मालयादीतल्या वस्त्रप्रकरणांत मोडत नाही. चिनी बटन लावून मॅसेडोनियाचं ओरिजिन टिकतं आणि भारतीय कापड लावून जातं. हे पहिल्यांदा ऐकलं की कुणालाही विचित्र वाटतं, पण नियम तसाच आहे.

मग श्टिपचे कारखाने चालतात कसे? मी स्वतः तिथे गेलो होतो. ब्रेगाल्निका नदीकाठचं गाव, वर इसार टेकडीवर जुना किल्ला आणि खाली एकेका इमारतीत शिलाई मशिनच्या रांगा. उत्तर मॅसेडोनियाचा तयार कपड्यांचा धंदा मुख्यतः याच गावाच्या आसपास आहे. एका कारखान्यात मी कापडाच्या रोलवरची लेबलं वाचत फिरलो. जवळजवळ सगळी इटालियन आणि जर्मन. एका कोपऱ्यात तर कापून आलेले भाग गठ्ठ्यांत बांधून ठेवले होते. कॉलर वेगळी, कफ वेगळे, सोबत धागा, बटनं, हँगर आणि युरोमधली किंमत छापलेले टॅगसुद्धा जर्मनीहूनच आलेले. इथल्या बायकांनी फक्त शिवायचं, इस्त्री करायची आणि पेटीत भरायचं.

या पद्धतीला ते 'लोन' म्हणतात. शब्द जर्मन आहे, अर्थ मजुरी. तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही, कारण इचलकरंजीत व्यापाऱ्याच्या सुतावर खर्चीने कापड विणून देणारे तुमच्या गल्लीत आहेत. इचलकरंजीत पिकावर (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर) दर, श्टिपमध्ये मिनिटावर दर, एवढाच फरक. कच्चा माल दुसऱ्याचा, तयार माल दुसऱ्याचा, आपली फक्त मजुरी.

ही खर्ची तिथे चालते ती याच करारामुळे. जर्मनीचं किंवा इटलीचं कापड वापरलं तर ते मॅसेडोनियाचंच मानायचं, अशी सोय त्यात आहे. तिला संचय म्हणतात. महासंघाचं कापड, त्यावर मॅसेडोनियाची शिलाई, म्हणजे दोन्ही प्रक्रिया 'आपल्यातच' झाल्या आणि ड्युटी शून्य. हाच संचय तुर्कस्तानपर्यंत जातो, कारण तुर्कस्तानचे महासंघाशी आणि मॅसेडोनियाशीही करार आहेत आणि ओरिजिनचे नियम सगळीकडे सारखे ठेवले आहेत. म्हणून तुर्कस्तानातल्या बुर्साच्या विणकराचं कापड श्टिपमध्ये चालतं आणि तुमचं चालत नाही. दर्जाचा किंवा भावाचा यात काही संबंध नाही. तुमचा माग त्या वर्तुळाबाहेर आहे, एवढंच कारण.

मला या करारांचा खरा परिणाम इथे दिसतो. उत्तर मॅसेडोनियाच्या निर्यातीचा साधारण तीन-चतुर्थांश भाग महासंघात जातो, सगळ्यात जास्त जर्मनीला. देश अजून बाहेर आहे, पण त्याचा बाजार, त्याचे पुरवठादार, त्याची मानकं सगळी आत वळलेली आहेत. गावातल्या मशिनचं तोंड कुठल्या दिशेला असावं, हे या कलमांनी वीसहून जास्त वर्षांपूर्वी ठरवून टाकलं. तयारीचा करार म्हणतात तो हाच. तयारी खरंच होते, पण त्या देशाची होते. त्या देशात बाहेरून येणाऱ्या तिसऱ्याची सोय बघणं हा त्याचा हेतूच नाही.

आकड्यांत बघा. समजा 40,000 युरोची शर्टाची खेप आहे. 12 टक्क्यांनी 4,800 युरो ड्युटी होते. खर्चीच्या धंद्यात नफ्याचं पातळ पान असतं, हे तुम्हाला माहीत आहे. एवढी रक्कम त्यातून गेली तर व्यवहार उरत नाही.

'पण तिथला कारखानदार म्हणतो, आम्ही ईयूआर-1 करून देतो', असं मध्यस्थ नक्की सांगेल. ईयूआर-1 हे ओरिजिनचं सर्टिफिकेट आहे. हिरव्या बारीक नक्षीची पार्श्वभूमी असलेला छापील कागद, कुठे खाडाखोड केली तर लगेच दिसावी म्हणून ती नक्षी. पहिल्या रकान्यात निर्यातदार, चौथ्यात माल ज्या देशाचा मानायचा तो देश, अकराव्यात कस्टम्सचा शिक्का, बाराव्यात निर्यातदाराची सही. त्या सहीने निर्यातदार जाहीर करतो की माल नियमात बसतो. कस्टम्सने शिक्का मारला म्हणजे त्यांनी प्रत्येक रोल तपासला असं होत नाही. 6,000 युरोपर्यंतच्या खेपेला तर शिक्काही लागत नाही, निर्यातदाराने इन्व्हॉइसवर ठरावीक मजकूर लिहिला की पुरतं.

खरी तपासणी नंतर होते. माझ्या एका जुन्या ग्राहकाचं असंच झालं. त्याचं कापड बाल्कनमधल्या एका कारखान्यात शिवलं जात होतं (देश वेगळा, करार असाच). तिथल्या मालकाने प्रत्येक खेपेला सर्टिफिकेट लावलं, माल शून्य ड्युटीने सुटला, सगळे खूश. जवळजवळ दोन वर्षांनी आयात करणाऱ्या देशाच्या कस्टम्सने त्यातली काही सर्टिफिकेटं उलट तपासणीसाठी कारखान्याच्या देशाच्या कस्टम्सकडे पाठवली. अशा पत्राला दहा महिन्यांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर सवलत नाकारता येते. उत्तर आलं: कापड भारतीय, ओरिजिन सिद्ध होत नाही. आयातदाराला सगळ्या खेपांची ड्युटी भरावी लागली आणि त्याने ती पुढच्या बिलांतून कापून घेतली. शेवटी ओझं पडलं माझ्या ग्राहकावर, ज्याने स्वतः एकही खोटा कागद केला नव्हता. करारनाम्यात ही जबाबदारी कुणाची हे लिहिलंच नव्हतं. ती फाइल मी अजून ठेवली आहे आणि नव्या ग्राहकाशी बोलताना ती समोर घेऊन बसतो.

तुर्कस्तानची गोष्ट इथे मुद्दाम सांगतो, कारण दोन प्रकारच्या करारांतला फरक तिथे डोळ्यांनी दिसतो. अंकारा करारातून पुढे 1995 च्या अखेरीस तुर्कस्तान आणि महासंघ यांचा सीमाशुल्क संघ पूर्ण झाला. तो औद्योगिक मालापुरता आहे, शेतमाल त्यात नाही. त्यात ईयूआर-1 लागत नाही, ए.टी.आर. नावाचा वेगळा कागद लागतो. तो कागद ओरिजिन विचारत नाही. माल तुर्कस्तानात रीतसर आयात होऊन त्यावरची ड्युटी भरली आहे का, एवढंच विचारतो. म्हणजे भारतीय कापड तुर्कस्तानात ड्युटी भरून घेतलं आणि त्याचा शर्ट शिवला, तर तो शर्ट ए.टी.आर. लावून महासंघात शून्य ड्युटीने जातो. हे तुर्की विणकरांनाही कळतं, म्हणून तुर्कस्तानने 2011 साली आयात कापडावर जादा ड्युटी बसवली. त्यामुळे तोही रस्ता सोपा नाही.

आणि तुर्कस्तानने त्यासाठी मोजलेली किंमत मोठी आहे. महासंघ दुसऱ्या देशांशी जे व्यापार करार करतो त्यांच्याशी तुर्कस्तानला आपली ड्युटी जुळवावी लागते, पण त्या वाटाघाटींत त्याला खुर्ची नसते. महासंघाने मेक्सिकोशी करार केला. मेक्सिकोचा माल युरोपमार्गे तुर्कस्तानात येऊ शकतो, पण तुर्की मालाला मेक्सिकोत तशी सवलत नाही, कारण मेक्सिकोने तुर्कस्तानशी वेगळा करार केलेलाच नाही. तयारीसाठी घेतलेली व्यवस्था सदस्यत्व न येता तीस वर्षं चालू राहिली की अशी होते. 2005 साली तुर्कस्तानच्या सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू झाल्या. या वाटाघाटी विषयवार प्रकरणांत होतात आणि त्यातलं विज्ञान आणि संशोधनाचं एकच प्रकरण आजवर तात्पुरतं बंद झालं आहे.

आता तुमच्या मध्यस्थाच्या तिसऱ्या वाक्याकडे. उत्तर मॅसेडोनिया खरोखर सदस्य झाला तर तुमचं गणित नक्की बदलेल. महासंघाच्या आत ओरिजिन कुणी विचारत नाही. तुमचं कापड श्टिपला पोचताना त्यावर महासंघाची बाहेरची ड्युटी लागेल, सुती कापडावर साधारण 8 टक्के, आणि त्यापुढे शर्ट जर्मनीत देशांतर्गत मालासारखा जाईल. वरच्याच खेपेत कापड 14,000 युरोचं धरलं तर 1,120 युरो ड्युटी. 4,800 आणि 1,120 मधला फरक म्हणजे तुमचा नफा. मध्यस्थ तुम्हाला हा नफा आजच्या भावाने विकतो आहे, आणि तो कुठल्या तारखेला येईल हे कुणाच्याच हातात नाही.

का नाही, ते या देशाची कहाणीच सांगते. 26 फेब्रुवारी 2004 रोजी सदस्यत्वाचा अर्ज द्यायला मॅसेडोनियाचं शिष्टमंडळ डब्लिनला पोचलं होतं, तेव्हा आयर्लंडकडे महासंघाचं अध्यक्षपद होतं. त्याच सकाळी राष्ट्राध्यक्ष बोरिस ट्रायकोव्स्की यांचं विमान बोस्नियात कोसळलं आणि ते गेले. शिष्टमंडळ अर्ज न देता परतलं. अर्ज दिला गेला 22 मार्चला. डिसेंबर 2005 मध्ये उमेदवाराचा दर्जा मिळाला. 2009 साली युरोपीय आयोगाने वाटाघाटी सुरू करण्याची शिफारस केली. तेव्हा ग्रीसने अडवलं, कारण मॅसेडोनिया हे आपल्या उत्तरेकडच्या प्रांताचं नाव आहे, असं ग्रीसचं म्हणणं.

हा वाद मिटवायला त्या देशाने आपलं नाव बदललं. 17 जून 2018 रोजी प्रेस्पा सरोवराच्या काठी करार झाला आणि फेब्रुवारी 2019 पासून देश 'उत्तर मॅसेडोनिया' झाला. राज्यघटना, पाट्या, पासपोर्ट, सगळं बदललं. याहून जास्त किंमत एखादा देश काय देणार? तरी ऑक्टोबर 2019 मध्ये फ्रान्सने वाटाघाटी रोखल्या, आधी प्रवेशाची पद्धत सुधारा म्हणून. 2020 च्या मार्चमध्ये हिरवा कंदील मिळाला, तर नोव्हेंबरमध्ये भाषा आणि इतिहासाच्या मुद्द्यावर बल्गेरियाने अडवलं. 19 जुलै 2022 रोजी वाटाघाटी औपचारिकपणे सुरू झाल्या, पण पुढे जायची अट ठरली की राज्यघटनेत बल्गेरियन लोकांचा उल्लेख करावा. त्यासाठी 120 जणांच्या संसदेत दोन-तृतीयांश, म्हणजे 80 मतं लागतात. ती जमलेली नाहीत. त्याच दिवशी वाटाघाटी सुरू केलेला अल्बेनिया मात्र ऑक्टोबर 2024 मध्ये पुढच्या टप्प्यात गेला.

आणि हे सगळं दारातच. आत गेल्यावर 35 प्रकरणं असतात. ती गटागटाने उघडायला आणि बंद करायलाही सत्तावीस देशांचं एकमत लागतं. क्रोएशियाने मॅसेडोनियानंतर सहा महिन्यांनी, 29 ऑक्टोबर 2001 ला अशाच करारावर सही केली आणि 1 जुलै 2013 ला तो सदस्य झाला. मसुदा जवळजवळ एकच, सुरुवात जवळजवळ बरोबर. क्रोएशियालाही शेजाऱ्याने अडवलं होतं. पिरान उपसागराच्या हद्दीवरून स्लोव्हेनियाने त्याच्या वाटाघाटी जवळपास वर्षभर थांबवल्या. फरक इतकाच की तो वाद लवादाकडे देता आला. इतिहास आणि भाषेचा वाद लवादाकडे देता येत नाही. मला त्या देशाच्या लोकांबद्दल मनापासून वाईट वाटतं. करारातलं जे त्यांच्या हातात होतं ते त्यांनी बऱ्यापैकी केलं आहे. पण पैसे घालताना सहानुभूती बाजूला ठेवावी लागते.

सदस्यत्वाची दुसरी बाजूही कुणी सांगत नाही. देश महासंघात गेला की त्याचे स्वतःचे बाकीचे व्यापार करार संपतात. क्रोएशिया आत गेला तेव्हा शेजाऱ्यांच्या 'सेफ्टा' या मुक्त व्यापार करारातून त्याला बाहेर पडावं लागलं आणि बोस्नियाला जाणाऱ्या त्याच्या काही शेतमालावर पुन्हा ड्युटी लागू झाली. उद्या कुणी सर्बियातल्या कारखान्याचा प्रस्ताव आणेल आणि म्हणेल, इथून रशियालाही शून्य ड्युटी, चीनलाही शून्य. आज ते बऱ्याच मालाबाबत खरं आहे. रशिया ज्यात आहे त्या युरेशियन संघाशी सर्बियाचा करार 2021 पासून आणि चीनशी 2024 पासून लागू आहे. पण सर्बिया महासंघात गेला त्या दिवशी ते दोन्ही जातील. 'रशियाही आणि सदस्यत्वही' असं एकत्र मिळणार नाही.

मग भागीदारी घ्यावी का? ती भारतीय कापडाच्या जोरावर घेऊ नका. घ्यायचीच असेल तर त्या कारखान्याची खर्ची आज, याच नियमांत, जर्मन आणि इटालियन कापडावर किती कमावते ते बघून घ्या. गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद मागवा. ती कमाई पुरेशी वाटली तर तो स्वतंत्र धंदा म्हणून विचार करा. सदस्यत्वाच्या आशेपोटी किंमत चढवून मागितली तर तेवढी रक्कम सरळ वजा करा, किंवा देश सदस्य झाल्यावरच द्यायची असं करारनाम्यात लिहा. असं कलम पुढे केल्यावर बऱ्याच मध्यस्थांचा 'दोन-तीन वर्षांत' हा शब्द मागे पडतो, हा माझा अनुभव आहे.

एक वाट नियमांत बसते, ती म्हणजे कापडाऐवजी सूत पाठवणं. सूत बाहेरचं चालतं. पण मग विणाई तिथे करावी लागेल. श्टिपमधली जुनी मोठी कापड गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली आणि माग, सायझिंग, प्रोसेस, कामगार सगळं नव्याने उभं करावं लागेल. इचलकरंजीचा माणूस हे करू शकत नाही असं मी म्हणणार नाही. पण तो शिवण कारखान्यातल्या भागीदारीहून कितीतरी मोठा निर्णय आहे. माल थेसालोनिकी बंदरात उतरवून ग्रीसमधून ट्रान्झिटमध्ये वर न्यावा लागतो, तो वेळ आणि खर्चही धरा.

आणि घरचं गणित विसरू नका. भारत आणि युरोपीय महासंघाच्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी 2007 साली सुरू झाल्या, 2013 ला थांबल्या, 2022 ला पुन्हा सुरू झाल्या आणि जानेवारी 2026 मध्ये पूर्ण झाल्या. कपड्यांवरची ड्युटी हा त्यातला भारताचा जुना आग्रह होता. त्या कराराने भारतीय शर्टाची ड्युटी शून्यावर येईल तेव्हा इचलकरंजीत विणून तिथेच किंवा जवळपास शिवलेला शर्ट सरळ हॅम्बुर्गला जाईल आणि विणाई-शिलाईच्या दुहेरी अटीचा तुम्हालाच फायदा होईल, कारण दोन्ही कामं आपल्याकडे होतात. त्या दिवशी श्टिपच्या कारखान्यातली तुमची भागीदारी कशासाठी होती, हा प्रश्न उरेल. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर हे पैसे आधी इचलकरंजीतच शिलाईच्या विभागात घालायचा विचार केला असता.

तरीही प्रस्ताव पुढे न्यायचा असेल तर सही करण्याआधी दोन कागद हातात घ्या. एक, त्या कारखान्याने गेल्या वर्षी जर्मनीला पाठवलेल्या कुठल्याही एका खेपेचा ईयूआर-1 आणि त्याच खेपेच्या कापडाचा आयातीचा कागद. चौथ्या रकान्यात उत्तर मॅसेडोनिया लिहिलं असेल आणि कापड महासंघ किंवा तुर्कस्तानबाहेरचं निघालं, तर तिथूनच परत फिरा. दोन, तुमच्या जर्मन खरेदीदाराला तिथल्या कस्टम्सकडून ओरिजिनचा बंधनकारक लेखी निर्णय मागवायला सांगा. अर्जात कापडाचा देश, सुताचा काउंट (जाडीचा क्रमांक), कापणी आणि शिलाई कुठे होणार हे सगळं खरं लिहायचं. तो निर्णय तीन वर्षं धरून चालतो आणि 'आम्ही सर्टिफिकेट करून देतो' या तोंडी हमीची गरज राहत नाही. अर्जाचा मसुदा करताना अडलात तर कापडाचं वर्णन आणि कारखान्याने दिलेली प्रक्रियेची यादी कळवा. आठव्या रकान्यात मालाचं वर्णन नेमकं कसं लिहायचं, तिथपासून सांगतो.